बाबांचा पाय, काकांची गोळी

गावी गेलो की वाडीतली माणसं अंगणात जमायची आणि आमच्याकडे अशी बघायची, जणू आम्ही हॉस्पिटलातून सुटून आलोय. "काय ता पोट सुटला हा! काय ते डोळे!" कुणी तर आईचं मनगट धरून नाडीच बघायला लागायचं. मुंबईत ज्याला त्याला काहीतरी झालेलं असतं, हे तिकडे सगळ्यांना पक्कं ठाऊक. साखर मुंबईची, बीपी मुंबईचं, हार्ट अटॅक तर मुंबईचाच. ‘मुंबयची दुखणी’ म्हणायचे त्याला. गावातला माणूस मरायचा तो म्हातारा होऊन, नाहीतर अचानक पडून. अचानक का पडला, हे कुणी विचारत नसे. मला लहानपणापासून या बोलण्याचा भयंकर राग यायचा. आम्ही काय हौसेने आजारी पडायचो?

माझे थोरले काका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, हे या बोलण्याचा चालताबोलता पुरावा होते. साठी उलटली तरी माडावर चढायचे, नांगर खांद्यावर टाकून शेतात जायचे आणि दुपारी अख्खा टोप पेज पिऊन पुन्हा कामाला लागायचे. "माका काय धाड भरली नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. आयुष्यात एक गोळी तोंडात टाकली नाही, हे सांगताना त्यांची छाती वीतभर पुढे यायची. कधीमधी डोकं ठणकायचं. मग कपाळाला फडकं आवळून बांधायचे, आमसुलाचं पाणी प्यायचे आणि पित्त झालंय म्हणायचे. झालं, विषय संपला.

बाबा त्यांच्याहून धाकटे. दोघं एकाच आईच्या हातची पेज पिऊन वाढलेले. बाबा मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आले आणि गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, लागले. पाळीभर उभं राहायचं, चार-चार साच्यांमधून येरझाऱ्या घालायच्या. घरी यायचे तेव्हा अंगभर कापूस, पण बाबा टणटणीत. मग गिरणी बंद पडली. आमच्या घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत दर दोन घरांआड एक बाप्या घरी बसला होता. बाबा त्यातल्या त्यात नशीबवान. अंधेरीला एका कारखान्यात वॉचमनची नोकरी मिळाली. गेटवर एक स्टूल होतं, त्यावर बसायचं. कोण आलं, कोण गेलं बघायचं आणि दर तासाला कारखान्याच्या कँटीनचा गोड मिट्ट चहा प्यायचा. आम्ही म्हणायचो, झकास काम मिळालं, पायाला आराम!

पायाला आरामच नडला. कंपनीने काळे बूट दिले होते, जरा घट्ट. बाबांनी जन्मात कामाला बूट घातले नव्हते. बूट चावले, करंगळीशी फोड आला, फुटला, चिघळला. आणि बाबांना पत्ताच नाही! दुखलंच नाही त्यांना. एका रविवारी ते पाय पसरून पेपर वाचत बसले होते, आई झाडू मारत होती. झाडू थांबला. आई खाली बसली, पाय हातात घेतला आणि ओरडली, "अवो, ह्या काय? बोट काळा पडला हा तुमचा!" बाबा दोन्ही पायांकडे बघत म्हणाले, "खंयचा?"

म्युनिसिपल हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या होत्या. तोंडाने फटकळ, पण हात लोण्यासारखा. त्यांनी बाबांच्या लघवीचा नमुना आमच्यासमोरच एका नळीत निळ्या औषधात घालून तापवला. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी विटेसारखं लाल. "निळं राहिलं असतं तर साखर नाही म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. "तुमच्यात साखर भरपूर आहे. किती वर्षांपासून आहे, देव जाणे. म्हणूनच पायाला कळत नाही." मग इंजेक्शनं सुरू झाली, दवाखान्यात रोजचं ड्रेसिंग सुरू झालं. निघताना बाई म्हणाल्या, "गोड बंद, तळलेलं बंद. हलकं खायला द्या."

हलकं!

आता कोकणातल्या बाईला तुम्ही सांगा की आजारी माणसाला हलकं द्या. ती काय देणार? पेज देणार. ताप आला पेज, बाळंतीण झाली पेज, दाढ दुखली पेज. आम्हां लोकांचा पेजेवर जेवढा विश्वास, तेवढा डॉक्टरवर नाही. आईने दुसऱ्या दिवसापासून गावच्या उकड्या तांदळाची मऊ पेज सुरू केली. सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी पेज. बरोबर मिठाचा खडा आणि भाजलेला पापड. भाजी नको, जड पडेल. डाळ नको, वात होईल. मासे तर नावच नको. बाबांचा जीव बांगड्यात अडकलेला, तरी तो माणूस एका शब्दाने बोलला नाही. शेजारीपाजारी आईचं कौतुक करायचे. आई स्वतः तेच खायची, नवऱ्याच्या समोर मासे कसे खाणार? आम्हांला वाटायचं, एवढं पथ्य तर राजालासुद्धा जमायचं नाही.

आणि दर वेळी ती नळी लाल. दर वेळी. बाई इंजेक्शनचं औषध वाढवत गेल्या आणि जखम वर सरकत गेली. शेवटी त्या बाबांना म्हणाल्या, "पुढच्या सोमवारपर्यंत बघते. काळेपणा असाच चढत राहिला तर घोट्यापासून पाय काढावा लागेल. पाय ठेवला तर माणूस जाईल." बाबांनी मान हलवली. वॉचमनला एक पाय नसला तर कसं चालेल? आणि डोंगरावरच्या खोलीत एका पायाचा माणूस वरखाली कसा करणार? मी तेव्हा एका कंपनीत टायपिस्ट होते, नवीनच लागलेली. त्या दिवसापासून माझ्या हातून एक ओळ धड टाइप झाली नाही.

आईने गावी तार केली. थोरले काका लगेच आले. खांद्यावर घोंगडी, हातात पिशवी, पिशवीत नारळ, कोकम आणि कसल्या कसल्या मुळ्या. बाबांचा पाय बघून त्यांचे डोळे भरले, पण तोंडाने म्हणाले, "ह्या सगळा मुंबयचा पाणी. गावाक चल माझ्याबरोबर. थयसर वारो लागलो की आठ दिसांत उठान नाचतलंस."

"गावात इंजेक्शन कोण देणार?" मी विचारलं.

"गावात इंजेक्शनाची गरजच पडाची नाय गो चेडवा."

माझं डोकं फिरलं, पण आईने डोळे वटारले म्हणून गप्प बसले. ठरलं असं, की सोमवारी हॉस्पिटलात दाखवायचं आणि तिथून सरळ गावची एसटी धरायची. आईसुद्धा त्या बाजूला झुकली होती. तिचं तरी काय चुकलं? इकडे पाय कापणार म्हणत होते, तिकडे वारा बरा करणार म्हणत होते.

सोमवारी सकाळी प्रश्न आला की बाबांना डोंगरावरून खाली कसं न्यायचं. चाळीतली पोरं खुर्ची घेऊन आली. काकांनी त्यांना हाकललं. "माझो भाव हा तो. मी नेतंय." आणि त्यांनी बाबांना सरळ पाठकुळी घेतलं. पायऱ्या उभ्या, ओल्या, कडेने गटार. काका उतरत होते आणि दोन्ही बाजूंच्या खोल्यांतली माणसं दारात येऊन बघत होती. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यात काय दम आहे यार!" काकांनी ते ऐकलं आणि आणखी ताठ झाले. खरं सांगते, त्या वेळी माझाही ऊर भरून आला. आमच्या घरातली माणसं अशी आहेत, असं सगळ्या डोंगराला ओरडून सांगावंसं वाटलं.

ओपीडीत बाईंनी पाय बघितला, नळी बघितली, कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी बाबांना विचारलं, "तुम्ही खाता काय? नीट सांगा."

बाबा अभिमानाने म्हणाले, "बाई, फक्त पेज. तिन्ही टाईम पेज. बाकी कशाला तोंड लावत नाही."

"पेज म्हणजे काय असते?"

बाबा गोंधळले. पेज म्हणजे काय, असं जगात कुणी विचारू शकतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. आई पुढे झाली आणि तिने समजावलं. तांदूळ असा शिजवायचा, असा मऊ करायचा, पाणी अजिबात ओतून द्यायचं नाही. पेजेला जरा गोडसर वास येतो, तोही तिने कौतुकाने सांगितला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो ताई, हा तर नुसता भात आहे. पातळ भात. दिवसातून तीनदा. तुमच्या घरात साखरेचा डबा बंद केला आणि साखरेचं पोतं उघडलं की!" मग आईचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "चूक माझी पण आहे. मी हलकं म्हटलं, काय ते सांगितलं नाही."

काका मध्येच बोलले, "पेज माका कधी बाधली नाय ती? तीच पेज, तोच तांदूळ. मी टोपभर पितंय आणि दिवसभर नांगर धरतंय."

"तुम्ही टोपभर पिऊन दिवसभर नांगर धरता. हे पिऊन स्टुलावर बसतात," बाई म्हणाल्या. आणि मग त्या काकांकडे निरखून बघायला लागल्या. काकांचा चेहरा लालबुंद होता, कानशिलावरची शीर टरारली होती, श्वास अजून खाली बसला नव्हता. बाबांना पाठीवर घेऊन ते डोंगर उतरलेत, हे मी सांगितलं, तशा बाई काकांना म्हणाल्या, "तुम्ही जरा इकडे बसा."

"माका काय धाड भरली नाय."

"भरली नाही तर भरली नाही. बसा तर खरं."

त्यांनी काकांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काट्याकडे बघितलं. काकांना बाकावर पडून राहायला सांगितलं, बाकीचे पेशंट बघितले आणि बऱ्याच वेळाने पुन्हा पट्टा बांधला. मग म्हणाल्या, "डोकं दुखतं का तुमचं?"

"पित्त होता कधीतरी."

"पित्त नाही हे. ब्लडप्रेशर आहे, आणि ते आज पाठीवर भाऊ घेतला म्हणून नाही, वर्षानुवर्षांचं आहे. रोज गोळी घ्यावी लागेल. नाही घेतली तर एक दिवस शेतात उभे असाल आणि पडाल. उठलात तरी अर्धं अंग उठणार नाही."

काकांचा चेहरा असा झाला की जणू कुणी भर बाजारात त्यांचं धोतर ओढलंय. ते उठले, दंड झटकला आणि म्हणाले, "हयसर येयपर्यंत माका काय नाय होता. तुमच्या मशीनान दिल्यान ह्यां!"

बाकावरची माणसं हसली. मीही हसले, पण आतून चरकले. कारण माझ्या डोळ्यांसमोर आमच्या वाडीतली सगळी ‘अचानक पडलेली’ माणसं एकेक करून उभी राहिली. माझे आजोबा, गोठ्यात पडलेले. शेजारच्या घरची काकी, विहिरीवर पडलेली. पुजारीबुवा, ज्यांचं तोंड वाकडं झालं तेव्हा भुताची बाधा म्हणून महिनाभर अंगारे लावले होते. गावात आजार नाही म्हणे! होता की. त्याला धरून बसवून दंडाला पट्टा बांधणारं कुणी नव्हतं. आमच्या मुंबईत दुखणी जास्त, हे खोटं नव्हतं. त्या स्टुलाने आणि त्या चहाने ती आणली, मी नाही म्हणत नाही. पण इथे ती पकडली तरी जात होती.

येताना बाबांनी काकांच्या पाठीवर बसायला साफ नकार दिला. पोरांनी खुर्चीतून वर नेलं. गावची एसटी त्या दिवशी चुकली. बाईंनी पायासाठी आणखी एक आठवडा दिला होता, पेज बंद करून बघण्यासाठी. आई घरी आली, चुलीवरचा पेजेचा टोप उतरवला आणि त्याच्यासमोर बसून राहिली. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "माझ्या हातान भरवलंय गो मी तेंका. माझ्याच हातान." मी तिला जवळ घेतलं. मलाही रडू आलं. तेवढ्यात तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाजूवालीकडे जवारी असतली मां?"

बाजूवाली म्हणजे आमच्या शेजारच्या मावशी. त्या मराठवाड्याकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या, नवऱ्याबरोबर मुंबईला आलेल्या आणि शाळेत शिपाई म्हणून कामाला. त्यांच्या घरी रोज ज्वारीची भाकरी. बाईंनी ज्वारी, नाचणी, डाळी, पालेभाज्या, मासे भाजून, असं सगळं नीट सांगितलं होतं या वेळी. पण आईचा हात तांदळाच्या भाकरीचा. ज्वारीचं पीठ तिच्या हाताखाली फुटायचं, कडा चिरायच्या, तव्यावर टाकेपर्यंत भारताचा नकाशा व्हायचा. मावशी हसून हसून लोळायच्या. "अगं बये, गरम पाणी घाल, मळ अजून, थाप हळू. तांदळासारखी लाडात वाढलेली नाही ती!" दोघींनी मिळून पीठ सांडलं, बोटं भाजली. तिसऱ्या दिवशी आईची भाकरी तव्यावर टम्म फुगली. तिने ती ताटात घेतली आणि अख्ख्या चाळीला दाखवून आणली.

इंजेक्शनही आईच द्यायला शिकली. मी कामाला जाणार, रोज खाली दवाखान्यात कोण नेणार? बाईंनी तिला वांग्यावर शिकवलं. काचेची सिरिंज वेगळ्या भांड्यात उकळायची, औषधाची बाटली स्टीलच्या डब्यात घालून माठात ठेवायची. आमच्याकडे फ्रीज कुठला? पहिल्या दिवशी सुई टोचताना आईने डोळे मिटले. बाबा ओरडले, "अगो डोळे उघड, भलतीकडे टोचशीत!" चौथी पास बाई ती. पण महिन्याभरात हात असा बसला की बाबांना कळायचंही नाही.

हे सगळं चाललं असताना काका मात्र कोपऱ्यात बसून होते. गोळ्यांची पुडी त्यांनी हातातसुद्धा घेतली नाही. रोज गोळी घेणारा माणूस गावात मोडीत निघालेला समजतात, हे मला ठाऊक होतं. मी समजावलं, भांडले, एकदा तर ओरडले, "तुम्ही पडलात तर शेत कोण करणार? तुमचा वारा?" आईने मला जोरात चिमटा काढला. काका म्हणाले, "तुझो बापूस बरो झालो की मी जातंय. माका मधी घेव नको."

मग त्याच आठवड्यातला रविवार आला. काका म्हणाले, देवाला गाऱ्हाणं घालूया. आमच्याकडे ही रीतच. काही संकट आलं की घरातला मोठा माणूस नारळ ठेवून ग्रामदेवाला हाक मारतो, एकेक गोष्ट मोठ्याने मांडतो आणि बाकीचे सगळे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. देवासमोर ‘व्हय’ म्हटलं की ते मोडता येत नाही. मोडलं तर घरावर येतं, अशी पक्की समजूत. चाळीतली चार-पाच कोकणी बिऱ्हाडं आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कोंबली गेली. दारात शेजारच्या मावशी. देवदेवस्कीशी त्यांचं काही देणंघेणं नाही, पण भावासारख्या शेजाऱ्याच्या पायाची गोष्ट, म्हणून उभ्या होत्या.

काकांचा आवाज गाऱ्हाण्याला लागला की अंगावर काटा यायचा. "बा देवा म्हाराजा, आज ह्या घाटकोपरच्या डोंगरार बसान तुका हाक मारतंव!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकराच्या पायाक जा काय इघ्न इला हा, कोणाची नजर असात, कोणाची करणी असात, ती ज्येची तेका परत जाव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येचो पाय आसा तसो ऱ्हवान दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काका थांबले आणि नारळाकडे हात नेला. तेवढ्यात बाबांनी, बसल्या जागेवरून, पाय उशीवर ठेवलेला, डोळे मिटलेले, तोच सूर उचलला. "आणि म्हाराजा, बरो होयसर मी तांदळाच्या पेजेक हात लावचंय नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"बायको सांगात ता खातलंय, डाक्टरीण सांगात तसा चलतलंय!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हो माझो थोरलो भाव, ज्येना माका पाठीर घेतल्यान, ह्येच्या डोक्यात जा चढला हा, ता उतरासाठी हो रोज सकाळी डाक्टरणीची गोळी खातलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज काकांचा होता.

जन्मभराची सवय, गाऱ्हाण्याचं वाक्य संपलं की तोंडातून ‘व्हय’ निघणारच. काकांनी तोंडावर हात ठेवला, पण निघालेला शब्द कुठे परत जातो? ते बाबांकडे बघत राहिले. बाबा अजून डोळे मिटूनच होते, मिशीच्या आत हसू मावत नव्हतं. मग काका म्हणाले, "माका फसवलंस रे भाड्या." आणि लहान पोरासारखे हसत सुटले, हसता हसता रडायलाच लागले. बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "दादा, माझो पाय गेलो तर एक पाय जायत. तू गेलंस तर माका कोण हा?" अख्खी खोली डोळे पुसत होती. मी तर हुंदके देत होते. काकांनी नारळ फोडला, आईने पाण्याचा तांब्या दिला आणि सगळ्यांसमोर त्यांनी आयुष्यातली पहिली गोळी गिळली. तोंड असं वाकडं केलं की जणू विंचू गिळला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, नळीतलं पाणी हिरवं आलं. त्याच्या पुढच्या खेपेला निळ्याकडे झुकलं. काळेपणा थांबला, मग मागे हटायला लागला. करंगळी मात्र काढावी लागली. बाई म्हणाल्या, "एका बोटावर सुटलात." बाबा म्हणाले, "बोटाचा काय मोठासा? गिरणीत माझ्या दोस्तांची दोन-दोन गेलेली." जखम भरायला पुढचे बरेच महिने गेले, पण पाय राहिला. जखम भरल्यावर बाबा कारखान्यात परत गेले आणि साहेबाला म्हणाले, मला स्टुलावरची ड्यूटी नको, फेरी मारायची द्या. करंगळीच्या जागी कापलेला कॅनव्हासचा बूट घालून तो माणूस कारखान्याच्या कंपाउंडला दिवसभर फेऱ्या मारायचा. चहा बिनसाखरेचा. कँटीनवाला म्हणे, ‘यांचा चहा म्हणजे औषध’.

काका बाबांचा पाय धोक्याबाहेर गेल्यावर गावी परतले. तिकडे ती गोळी मिळायची नाही. बाजारपेठेतल्या एकुलत्या एक दुकानात कधी असायची, कधी नसायची, आणि तिथे जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. जखम भरेपर्यंत मी पुड्या डेपोत पोचवल्या; मग बाबा दर महिन्याला घाटकोपरहून कुर्ल्याच्या एसटी डेपोपर्यंत चालत जायचे आणि गावाकडच्या एखाद्या माणसाच्या हाती गोळ्यांची पुडी द्यायचे. बसने जा म्हटलं तर म्हणायचे, "चलूक सांगल्यान हा मां डाक्टरणीन? मगे चलतंय."

दिवाळी झाल्यावर असाच एक डेपोत जायचा दिवस होता. रविवार, म्हणून मीही बरोबर होते. गावाहून आलेल्या गाडीतून आमच्या वाडीतला एक माणूस उतरला. त्याने टपावरून एक गोणी खाली घेतली आणि बाबांच्या पुढ्यात ठेवली. "थोरल्यान धाडल्यान हा."

बाबांचा चेहरा पडला. नवीन भात निघाला की काका दर वर्षी उकडा तांदूळ पाठवायचे. "तेका ठाऊक नाय काय माका चलत नाय ता?" असं पुटपुटत त्यांनी गोणीवर हात ठेवला आणि हात तिथेच थांबला. बोटांनी चाचपून बघितलं. तांदळाचा दाणा नव्हता तो. बारीक होता, मोहरीसारखा गोल.

"नाचणी हा ती," तो माणूस म्हणाला. "तुमच्या आजाच्या टायमापासून ओसाड पडलेलो तो मागचो डोंगर, तो फोडल्यान थोरल्यान. एकट्यान. लोक हसले, म्हणाले, आता कोण नाचणी खाता? गरिबाचा खाणा ता. तर म्हणता कसो, माझो भाव पेज सोडून बसलो हा, मी तेका उपाशी ठेव काय?"

"आणि गोळी?" मी विचारलं.

"रोज सकाळी. अंगणात उभो ऱ्हवान, सगळ्यांसमोर. कोणी इचारल्यान तर सांगता, आजार नाय, शब्द दिलो हा म्हाराजाक. परवा दोघांका बाजारात घेवन गेलो डाक्टराकडे, म्हणता तुमचीव पित्तां बघून घेवया."

बाबांनी गोणी उचलून खांद्यावर घेतली. मी म्हटलं, "बाबा, रिक्षा करूया." नाही. बरं, घाटकोपरपर्यंत बस तरी. तेवढं ऐकलं. पण डोंगराच्या पायथ्याशी उतरल्यावर पुन्हा गोणी खांद्यावर. मी ओरडले, "पायाची वाट लावून घ्यायचीय का परत? द्या ती इकडे! पोरांना हाक मारते!"

बाबा पायऱ्या चढायला लागले. एकेक पायरी, आधी बरा पाय, मग चार बोटांचा. दोन्ही बाजूंच्या खोल्यांतली माणसं दारात येऊन बघत होती. मी मागून बडबडत होते, रडत होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की काय सांगू. अर्ध्यावर थांबून त्यांनी श्वास घेतला, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गप ऱ्हव गो चेडवा. माझ्या दादान ही डोंगरार पिकवल्यान हा. माका ती डोंगरार चढवूक नको?"